सक्तीचा मार कोडमध्ये: झिलियन्स की लुडी?

नागपुरात फायनल इयरच्या प्रोजेक्टला पटावरचा खेळ घेतला की गाडी हमखास एका नियमापाशी अडते: मार असेल तर मारलंच पाहिजे. अशा वेळी खेळाचे नियम लिहायच्या दोन भाषा समोर येतात, झिलियन्स ऑफ गेम्स या प्रोग्रामची झेडआरएफ आणि लुडी. स्टॅनफर्डची जीडीएल ही तशीच भाषाही आहे, पण तिथे 'मार शक्य आहे का' हे सूत्र स्वतः लिहून प्रत्येक साध्या चालीला नकाराची अट जोडावी लागते. हाती अख्खं सेमिस्टर असेल तरच त्या वाटेला जा.

ड्राफ्ट्सपुरती (म्हणजे चेकर्स, जिथे उडी मारून समोरची सोंगटी मारतात) झेडआरएफ फार सुबक. उड्यांना एक मूव्ह-टाइप, साध्या चालींना दुसरा, आणि मूव्ह-प्रायॉरिटीज या प्राधान्याच्या यादीत उडी आधी. झालं, नियम सगळ्या सोंगट्यांना मिळून लागू. साखळी उडीसाठी (एकाच पाळीत उडीवर उडी) अॅड-पार्शल या चाल पुढे चालू ठेवणाऱ्या आज्ञेला उडीचा टाइप मात्र जोडा, नाहीतर उडी मारलेली सोंगटी शिवाय साधं एक घरही सरकते.

लुडीत प्रायॉरिटी कुठे लिहिता याला महत्त्व आहे. ती सोंगटीच्या व्याख्येत टाकली तर सक्ती त्या एका सोंगटीपुरतीच राहते: एकीला मार असतानाही दुसरी खुशाल पुढे चालते. म्हणून प्रायॉरिटी बाहेर, प्ले या खेळाच्या चालींच्या भागात हवी. पहिल्या थरात सगळ्यांच्या उड्या, दुसऱ्यात साध्या चाली. शिवाय मूव्ह-अगेननंतर (त्याच खेळाडूला पुन्हा चाल) नियम पुन्हा पहिल्यापासून तपासले जातात. 'इज प्रीव्ह मूव्हर' (मागची चालही याच खेळाडूची) ही अट लावून चाल 'लास्ट टू' (मागची चाल जिथे थांबली) या घरापुरती बांधली नाही, तर साखळी भलतीच सोंगटी पुढे नेते. तपासायला पटावर आपल्या दोनच सोंगट्या ठेवा, एक मार असलेली आणि एक नसलेली, आणि मारायला समोरची एक. दुसरीला चाल दिसली की प्रायॉरिटी चुकीच्या जागी आहे.

इतकं वाचून झेडआरएफच बरी वाटेल. पण तिची प्रायॉरिटी-यादी खेळभर एकच, आणि तिला अट लावता येत नाही. समजा नियम असा: मधल्या घरात सोंगटी असेल तेव्हाच मार सक्तीचा, एरवी ऐच्छिक. आता दोन टाइप एका पातळीवर आणायची सोय नाही, म्हणून साधी चाल व्हेरिफाय (अट तपासणारी आज्ञा) लावून उडीच्याच टाइपमध्ये कोंबावी लागते. लगेच अॅड-पार्शल बिघडतं, कारण साखळीतही ती साधी चाल मिळू लागते. ते रोखायला सोंगटीवर अॅट्रिब्यूट (हो-नाहीची खूण) ठेवा, तर तो पाळी संपली तरी टिकतो. पुसायचा कोड वेगळा. फ्लॅग या तात्पुरत्या खुणांचा उपयोग नाही, कारण चाल तयार करताना ते दरवेळी कोरे होतात. एका 'जर'साठी एवढी उस्तवार काहून करायची?

लुडीत त्याच जागी एक इफ येतो: अट खरी असेल तर प्रायॉरिटी, नसेल तर ऑर, म्हणजे दोन्हीपैकी कुठलीही चाल. आतल्या चालींना हात लावावा लागत नाही.

जास्तीत जास्त मारण्याचा नियम दोन्हीकडे आहे. झेडआरएफमध्ये मॅक्सिमल कॅप्चर्स, लुडीत मॅक्स मूव्ह्ज. लुडी त्यासाठी पाळीची पुढची सगळी साखळी खेळून पाहते, त्यामुळे १०×१० पटावर संगणकाचा खेळाडू जरा रेंगाळल्यासारखा वाटतो. ठरलेले इंग्लिश ड्राफ्ट्स तेवढे हवे असतील तर झेडआरएफ घ्यायला हरकत नाही. गाइड मध्येच नियम बदलायला सांगणारे असतील, तर मी लुडीच म्हणेन.