केनिया की साऊथ आफ्रिका? शहर, समुद्र आणि सफारी एकाच सुट्टीत बसवायची असेल तर

आधी मला एवढंच सांगा की सुट्टी मे महिन्यातली आहे की दिवाळीतली. बाकी सगळं नंतर. कारण बहुतेक जण पॅकेजचे भाव बघून सुरुवात करतात आणि महिना सगळ्यात शेवटी बघतात, आणि या दोन देशांत महिना चुकला तर तेच पैसे घालून निम्मी मजा येते.

आम्ही केनिया केलं ऑक्टोबरमध्ये, सासूसासऱ्यांना घेऊन, मुलं धरून सहा जण. साऊथ आफ्रिका त्यानंतर दोन वर्षांनी, मे महिन्यात, तेव्हा आम्ही चौघंच. दोन्ही ट्रिपमध्ये एक मोठं शहर, चार-पाच दिवस समुद्र आणि तीन-चार दिवस जंगल असाच बेत होता, म्हणून तुलना करायची हिंमत करतेय.

तर मे महिना. केनियात मार्च ते मे हा मोठा पाऊस. मसाई मारा या तिथल्या सफारीच्या जंगलातली माती म्हणजे आपली कापसाची काळी माती, पाऊस पडला की गाड्या रुततात, तिकडे किनाऱ्यावर मोम्बासा-डियानीला पण एप्रिल-मे मध्येच सगळ्यात जास्त पाऊस असतो, म्हणजे जंगल आणि समुद्र दोन्ही एकदम ओले. साऊथ आफ्रिकेत मे अगदी उलट. क्रूगरकडे (तिथलं मोठं सफारीचं जंगल) पाऊस उन्हाळ्यात पडतो (त्यांचा उन्हाळा म्हणजे नोव्हेंबर ते मार्च), तो मे पर्यंत संपलेला असतो, गवत वाळून खाली बसायला लागतं, पाण्याचे डबके आटतात आणि जनावरं नदीकाठी यायला लागतात. केपटाउनला मात्र पाऊस हिवाळ्यात, जून ते ऑगस्ट, त्यामुळे मे मध्ये तिथे तुम्ही पावसाच्या जरा आधी पोचता. म्हणजे मे च्या पहिल्या पंधरवड्यात दोन्ही बऱ्यापैकी जमतं. आम्हाला केपटाउनला पाचपैकी एक दिवस पूर्ण पावसाचा मिळाला, तेवढं चालतं.

दिवाळीचं जरा बघून ठरवा. दिवाळी ऑक्टोबरमध्ये आली तर केनिया अप्रतिम, वाइल्डबीस्टचे (हरणासारखा मोठा प्राणी) कळप साधारण जुलै ते ऑक्टोबर मारामध्ये असतात आणि नदी ओलांडण्याचे प्रसंग तेव्हाच घडतात. दिवाळी नोव्हेंबरमध्ये गेली तर कळप परत शेजारच्या टांझानियातल्या सेरेंगेटीकडे निघालेले असतात आणि केनियाचा छोटा पाऊस सुरू होतो. वाइट असतं असं नाही, सिंह, हत्ती, चित्ते कुठे जात नाहीत, पण ज्या दृश्यासाठी लोक जातात ते नसतं. साऊथ आफ्रिकेत ऑक्टोबर पण छान, केपमध्ये वसंत, केपटाउनजवळच्या हर्मनसला किनाऱ्यावरून व्हेल दिसतात (सीझन साधारण जून ते नोव्हेंबर), क्रूगर मात्र तापायला लागलेलं असतं.

आता दुसरा प्रश्न, गाडी कोण चालवणार? माझ्या मते खरा फरक इथे आहे.

साऊथ आफ्रिका स्वतः गाडी चालवायचा देश आहे. आपल्यासारखंच डावीकडून चालवायचं, हायवे उत्तम, आणि क्रूगरमध्ये भाड्याची साधी कार घेऊन स्वतः फिरता येतं. हे ज्यांनी केलं नाही त्यांना सांगून खरं वाटत नाही. जवळजवळ 20,000 चौरस किलोमीटरचं जंगल, डांबरी रस्त्यावर ताशी 50 ची मर्यादा, मातीच्या रस्त्यावर 40, गाडीतून उतरायचं नाही, आणि अंधार पडायच्या आत कॅम्पच्या गेटच्या आत. मे मध्ये गेट संध्याकाळी साडेपाचला बंद होतं, उशीर केला तर दंड. स्कुकुझा ते लोअर साबी या दोन कॅम्पमधला नदीच्या कडेने जाणारा रस्ता आम्ही तीन वेळा केला आणि तिन्ही वेळा वेगळं काहीतरी दिसलं, एकदा तर बिबट्या रस्त्याच्या कडेच्या झाडावर, आणि आमच्या पुढे मागे दुसरी एकही गाडी नाही, दहा मिनिटं फक्त आम्ही चौघं आणि तो, मुलगी श्वास रोखून बसलेली. कॅम्पमध्ये नकाशाचे फळे असतात, त्यावर लोक रंगीत खुणा लावतात की आज सिंह कुठे दिसला, हत्ती कुठे. मुलांना त्याचंच वेड लागलं, संध्याकाळी आल्याआल्या आधी फळ्याकडे धाव. आणि कॅम्पच्या झोपड्यांमध्ये छोटं किचन मिळतं, मी सरळ मुगाची खिचडी लावायचे.

पण हे सगळं नवरा-बायको दोघांपैकी एकाला तरी लांबचं ड्रायव्हिंग मनापासून आवडत असेल तरच. जोहान्सबर्ग ते क्रूगर चारशे-साडेचारशे किलोमीटर, केपटाउन ते गेबेर्हा (म्हणजे आधीचं पोर्ट एलिझाबेथ) गार्डन रूट या किनाऱ्याकडच्या रस्त्याने साडेसातशेच्या आसपास. दिवसा चालवा, रात्री अजिबात नको, आणि शहरात सिग्नलला काचा बंद, पर्स सीटखाली. आम्हाला काही झालं नाही, पण तिथले लोकच इतक्या वेळा बजावतात की ते ऐकावं. आरटीओ मधून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढून घ्या. आणि गाडी बुक करताना डिपॉझिट किती अडकवणार आणि डेबिट कार्ड चालतं का हे लेखी विचारा, आमच्या काउंटरवर क्रेडिट कार्डाची मर्यादा कमी पडली आणि दोन तास तिथेच गेले, मुलं भुकेली, डोकं फिरलेलं.

केनियात पण भाड्याने गाडी मिळते, पण बहुतेक सगळे ड्रायव्हर-गाइड घेऊनच जातात आणि तेच बरोबर. छप्पर वर उघडणारी व्हॅन किंवा लँड क्रुझर, चालवणारा माणूस रेडिओवर बाकीच्यांशी बोलत असतो, त्याला कुठल्या टेकडीमागे कुठलं कुटुंब आहे सिंहांचं हे माहीत असतं. सासरे 72 चे होते, त्यांना उभं राहून छपरातून बघता आलं, दिवसभर कुणावर काही जबाबदारी नाही. प्राणी पण जास्त दिसतात, खरं सांगायचं तर. मारा लहान आहे, 1,510 चौरस किलोमीटर, पण उघडं गवताळ रान, नजर पोचेल तिथपर्यंत जनावरं. क्रूगर झुडपी जंगल आहे, तिथे शोधावं लागतं. गेंडा मात्र मारामध्ये क्वचित दिसतो, आम्हाला तो नैरोबी नॅशनल पार्कमध्येच दिसला, शहराला लागून 117 चौरस किलोमीटरचं रान, समोर गेंडा आणि मागे नैरोबीच्या उंच इमारती. विमानतळावरून आल्यावर पहिल्याच दिवशी अर्धा दिवस तिथे घालवा.

पैशाचं एक सांगते कारण याची पॅकेजमध्ये नीट फोड करत नाहीत. 2024 पासून मारामध्ये परदेशी मोठ्या माणसाला प्रवेश फी जानेवारी ते जून दिवसाला 100 डॉलर आणि जुलै ते डिसेंबर 200 डॉलर आहे, आणि ते तिकीट सकाळी सहा ते संध्याकाळी सहा एवढंच. चार मोठी माणसं, दोन दिवस, म्हणजे सीझनला नुसती फीच 1,600 डॉलर, त्यात राहणं नाही, गाडी नाही. क्रूगरची फी त्या मानाने बरीच कमी आहे. उलट केनियाला मुंबईहून थेट विमान आहे, सहा तासात पोचता, साऊथ आफ्रिकेला आम्ही गेलो तेव्हा कुठेतरी बदलूनच जावं लागलं आणि तिकिटातच मोठा फरक पडला. शेवटी बेरीज जवळपास येते.

समुद्र. इथे माझं मत स्पष्ट आहे, पोहायचं असेल तर केनिया, बघायचा असेल तर केप. केपटाउनचा अटलांटिक इतका गार की पाय घातला की बधीर होतात, पण चॅपमन्स पीकच्या रस्त्यावरून जो समुद्र दिसतो, आणि बोल्डर्स बीचला पेंग्विन हातभर अंतरावरून चालत जातात, त्याला तोड नाही. त्या पेंग्विनना 2024 मध्ये अतिसंकटग्रस्त यादीत टाकलंय, त्यामुळे बघायला जा पण त्यांच्या फार जवळ जाऊ नका, फोटोसाठी हात तर लावूच नका. कोमट पाणी हवंच असेल तर साऊथ आफ्रिकेत डर्बन आहे, आणि तिथून साधारण तीन तासांवर श्लुश्लुवे-इम्फोलोझी हे जंगल, गेंड्यांसाठी नावाजलेलं. केपटाउन वगळून डर्बन-श्लुश्लुवे-क्रूगर असाही छान बेत होतो, पण पहिल्यांदा जाणाऱ्याला मी केपटाउन वगळ म्हणणार नाही.

डियानीला पांढरी वाळू, बाहेर प्रवाळाची भिंत असल्यामुळे आत पाणी शांत, सासूबाई पहिल्यांदा समुद्रात बसल्या त्या तिथे, तासभर उठल्या नाहीत. ओहोटीला पाणी खूप आत जातं, म्हणून भरतीची वेळ हॉटेलात विचारून घ्या. किनाऱ्यावर वस्तू विकणारी पोरं मागे लागतात, हसून नाही म्हणायचं आणि चालत राहायचं.

शहरांमध्ये केपटाउन सरळ जिंकतं. टेबल माउंटन, रॉबेन आयलंड जिथे मंडेला तुरुंगवासाच्या 27 पैकी 18 वर्षं होते आणि जिथे पूर्वीचे राजकीय कैदीच तुम्हाला तुरुंग दाखवतात. फक्त टेबल माउंटनची केबल कार वाऱ्यामुळे बंद होते, आमची दोन दिवस बंद होती, म्हणून पहिला मोकळा दिवस दिसला की बाकी बेत रद्द करून आधी वर जा. नैरोबी शहर म्हणून दोन दिवसांचं. पण मोम्बासा मला फार आवडलं, पोर्तुगीजांनी 1593 मध्ये बांधायला घेतलेला फोर्ट जीझस, ज्याचा कारभार गोव्याहून चालायचा, तो बघताना वसईच्या किल्ल्याची सारखी आठवण येत होती. भाषेत पण चपाती, चाय, गाडीला गारी, पैशाला पेसा. सासऱ्यांनी तर भाजीवाल्याशी अर्धं मराठीतच बोलून घेतलं.

ज्यांच्याकडे सातच दिवस आहेत त्यांनी हे दोन्ही सोडा आणि श्रीलंका बघा. कोलंबो, गॉलचा किल्ला, मिरिसाला नोव्हेंबर ते एप्रिल व्हेल, उडावलवेला हत्ती, यालाला बिबटे, सगळं काही तासांच्या अंतरावर. सात दिवसांत आफ्रिका म्हणजे नुसतं सामान भरणं आणि काढणं होतं.

बारा दिवस असतील तर माझा हिशोब असा. केनिया: नैरोबी दोन, मारा तीन, मग मारामधून छोट्या विमानाने डियानी (बॅग मऊ हवी आणि साधारण 15 किलोचीच चालते), तिथे चार, मोम्बासा एक, आणि परत नैरोबीला 2017 मध्ये सुरू झालेल्या मदारका एक्सप्रेस या रेल्वेने. ही गाडी त्सावोच्या जंगलातून जाते, आम्हाला खिडकीतून लाल मातीने माखलेले हत्ती दिसले, आणि याच भागात 1898 मध्ये रेल्वे बांधणारे आपल्याकडचे कितीतरी मजूर सिंहांनी मारले होते हे मुलांना तिथेच सांगितलं. साऊथ आफ्रिका: केपटाउन पाच, गार्डन रूट तीन, गेबेर्हाहून विमानाने जोहान्सबर्ग आणि तिथून क्रूगर, तीन रात्री. मलेरियाची भीती असेल, मुलं फार लहान असतील, तर क्रूगर सोडून गेबेर्हाजवळचं अड्डो हे जंगल घ्या, तिथे मलेरिया नाही आणि हत्ती भरपूर. मलेरियाचं औषध मारा, केनियाचा किनारा आणि क्रूगर तिन्हीसाठी डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

आईबाबा बरोबर असतील तर डोळे झाकून केनिया, ऑक्टोबरमध्ये. मुलं दहाच्या वरची, दोघांपैकी एकाला गाडी चालवायला आवडते आणि सुट्टी मे ची असेल तर साऊथ आफ्रिका, व्हिसाला मात्र मार्चच्या सुरुवातीलाच लागा. केनियाचं जानेवारी 2024 पासून ऑनलाइन ईटीए (प्रवासाचा परवाना) आहे, ते सोपं. पण केनियाहून परत येताना यलो फीव्हरच्या लसीचं पिवळं कार्ड लागतं, ते नसेल तर इथे विलगीकरणात ठेवू शकतात, आणि लस घेतल्यावर दहा दिवसांनीच ते धरलं जातं, म्हणून महिनाभर आधी घ्या, एकदा घेतली की आयुष्यभर चालते. आणि लाडू-चिवडा प्लास्टिकच्या कॅरीबॅगेत बांधून नेऊ नका, केनियात 2017 पासून त्यांच्यावर कडक बंदी आहे, मी सगळं स्टीलच्या डब्यांत आणि जुन्या साडीच्या पिशव्यांत भरून नेलं होतं.