धुळीच्या वादळांत एअर प्युरिफायर: हंगामभर वापरल्यावर

स्पेसिफिकेशन सगळ्यांना पाठ आहेत, एच१३ हेपा (बारीक कण अडवणारा मुख्य फिल्टर), कार्बनचा थर वगैरे, त्यात जात नाही. माझं भांडण आहे ते हिरव्या दिव्याशी.

बाहेर भरदुपारी पिवळा अंधार, दातांखाली कचकच, टेबलावर बोटाने नाव लिहावं इतकी धूळ. आणि डिस्प्लेवर पीएम २.५ (हवेतले अडीच मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) फक्त २२, दिवा हिरवागार, पंखा निवांत. सर्व्हिसला फोन केला तर म्हणे, "सर, हिरवा आहे म्हणजे हवा स्वच्छ आहे." तक्रार नोंदवली आणि कोणी न येताच 'निराकरण झाले' असा मेसेज!

या यंत्रांतला छोटा लेझर सेन्सर धुरासारखे बारीक कण बरे ओळखतो. वाळवंटी धुळीतले जाड कण त्याच्यापर्यंत नीट पोचत नाहीत, आणि पोचले तरी कमी मोजले जातात. डब्ल्यूएचओने २०२१ मध्ये २४ तासांच्या सरासरीची पातळी पीएम २.५ साठी १५ आणि पीएम १० (दहा मायक्रॉनपर्यंतचे, म्हणजे जाड कणही धरून) साठी ४५ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर अशी वेगवेगळी सुचवली, ती उगाच नाही. पीएम १० दाखवणारी मॉडेलं मिळतात, पण त्यांचाही आकडा बहुतेकदा बारीक कणांवरून बांधलेला अंदाजच. थोडक्यात, वादळात ऑटो मोड (सेन्सर सांगेल तसा पंख्याचा वेग) निव्वळ शोभेचा. हाताने फुल स्पीडवर टाका.

इथवर मी एकच स्टार देणार होतो. पण जाड धूळ काही मिनिटांत खाली बसते; ती ओल्या फडक्याने पुसायची, झाडूने परत उडवायची नाही. एक मायक्रॉनचा कण मात्र तासन्‌तास तरंगतो, आणि तिथे हे यंत्र चोख आहे. वादळानंतरच्या सकाळी घसा धरायचा, तो आता धरत नाही. हे मान्य करायलाच हवं.

तरी खरा फरक पडला तो दाराखालच्या रबरी पट्टीने, जिची किंमत यंत्राच्या पासंगालाही पुरत नाही. शिवाय एक्झॉस्ट फॅन बंद ठेवा. तो हवा बाहेर फेकतो आणि तिची जागा भरायला फटीफटींतून धूळ आत येते. कूलर तर बाहेरचीच हवा ओढतो, त्याचं नाव नको.

फिल्टर किती उरला ते सांगणाऱ्या टक्केवारीवरही जाऊ नका. माझ्या यंत्रात ती नुसते तास मोजते, वादळातला तास काय आणि स्वच्छ रात्रीचा काय. प्रत्येक वादळानंतर प्री-फिल्टरची (हेपाच्या आधी जाड धूळ अडवणारी) जाळी व्हॅक्यूमने साफ करून धुतो, खडखडीत वाळवून बसवतो. हेपाला मात्र पाणी लावायचं नाही, म्हणून तो जितका टिकेल तितका टिकवायचा.

तीन स्टार. चौथाही दिला असता, पण जाळीची एक खिटी तुटली म्हणून सुटी जाळी मागितली, तर हेपासकट अख्खा संच घ्या म्हणतात. सध्या ती चिकटपट्टीवर चालली आहे.