रिॲक्ट राउटर 7: सात महिने, पंच्याऐंशी मेंबर आणि एक प्रश्नचिन्ह

रिॲक्ट राउटर म्हणजे रिॲक्टमधल्या वेब-ॲपची पानं आणि त्यांचे पत्ते (राउट) जोडणारी लायब्ररी, आणि हा तिचा रिव्ह्यू. लोडर म्हणजे पानासाठी डेटा आणणारं फंक्शन, ॲक्शन म्हणजे फॉर्मने पाठवलेलं घेणारं; याहून जास्त इथे सांगत बसत नाही. आत्याची मेस आहे पुण्यात, 85 मेंबर, दोन वेळचं जेवण. तिच्या हजेरीच्या आणि खाड्यांच्या वहीऐवजी मी हे ॲप लिहून दिलं, फ्रेमवर्क मोडमध्ये (राउटरच सगळ्या ॲपचा सांगाडा), सर्व्हर रेंडरिंगसकट (पान सर्व्हरवरच तयार होऊन येतं). डेटाबेस फुकटातला, कारण आत्या पैसे देणार नाही आणि मी तर नाहीच नाही.

लिहायला बसलो ते परवाच्या 405 या एररमुळे. मेंबर-यादीच्या पानावर फॉर्म पोस्ट केला, म्हणजे पाठवला, की 'मेथड नॉट अलाउड'. ॲक्शन तर समोर लिहिलेली दिसतेय! रात्री दीड वाजता उलगडा झाला: यादी हा इंडेक्स राउट, म्हणजे लेआउटच्या (बाहेरच्या सामाईक चौकटीच्या) आत आपोआप दिसणारं पान, आणि त्याचा पत्ता लेआउटच्या पत्त्यासारखाच. नुसत्या पत्त्यावर पाठवलं की फॉर्म जातो लेआउटकडे, तिथे ॲक्शन नाही. पत्त्यापुढे प्रश्नचिन्ह लावून इंडेक्स (?index) लिहायचं, मग चालतं. फॉर्म त्याच राउटमध्ये असेल आणि पत्ता दिलाच नाही तर राउटर हे आपलं आपण जोडतो. मी शहाणपणा करून पत्ता हाताने लिहिला होता. सात महिन्यांत ही तिसरी वेळ. बाकी सगळं माफ, हे नाही.

दुसरी तक्रार पैशाची होती. 'होती' म्हणतोय, कारण मत बदललंय. ॲक्शन संपली की पानावरचे सगळे लोडर पुन्हा चालतात. माझा हिशेबाचा लोडर महिन्याच्या सगळ्या नोंदी वाचायचा: 85 गुणिले 2 गुणिले 30, म्हणजे महिनाअखेर 5,100 ओळी. हजेरीच्या एका टिकमागे! दिवसाला 170 टिका, म्हणजे 8,67,000 ओळी. फुकटची मर्यादा भराभर संपायला लागल्यावर मी शुडरिव्हॅलिडेट (लोडर पुन्हा चालवायचा की नाही हे ठरवणारं फंक्शन) लिहून हिशेबाच्या लोडरला गप्प बसवलं. आठवडाभर स्वतःवर जाम खूश होतो.

मग एक तारखेला आत्याचा फोन. "अरे, त्या दोघांचे जास्तीचे डबे बिलात का नाहीत?" नोंदी डेटाबेसात होत्या, सकाळपासून उघड्या असलेल्या पानावरची बेरीज मात्र जुनीच. तीच पाहून तिने पैसे घेतले होते. राउटर जे न सांगता करत होता, ते मीच बंद केलेलं. ते परत चालू केलं आणि बेरजेचं वेगळं टेबल केलं, मेंबरमागे एक ओळ. आता टिकमागे हिशेबाच्या 85 ओळी. उधळपट्टी माझ्या क्वेरीची होती, खापर राउटरवर फोडत होतो.

चेकबॉक्सचं दुखणं तर राउटरचं नाहीच, ब्राउझरचं आहे. टिक काढलेला चेकबॉक्स फॉर्मडेटात, म्हणजे फॉर्मसोबत जाणाऱ्या माहितीत, येतच नाही. 'आला नाही म्हणजे बदल नाही' असं मी धरलं, म्हणून एकदा टाकलेला खाडा कुणाला मागेच घेता येईना. एक मुलगा दोन दिवस कागदोपत्री उपाशी होता.

आणि ज्याची अपेक्षाच नव्हती ते: आत्याचा फोन जुना, स्वयंपाकघरात नेट रडतखडत. पान दिसतं, जावास्क्रिप्ट अजून यायची असते, तोवर ही बटण दाबून मोकळी. तरी नोंद होते, कारण तो आतून साधा एचटीएमएल फॉर्मच. ऑनक्लिकमध्ये फेच लिहिलेल्या, म्हणजे बटण दाबल्यावर जावास्क्रिप्टनेच नोंद पाठवणाऱ्या, माझ्या जुन्या ॲपमध्ये ते दाबणं हवेतच गेलं असतं. यासाठी एक तारा जास्त.

प्रश्नचिन्हाचा तारा मात्र कापलाच. आता इंडेक्स राउटमध्ये ॲक्शन ठेवतच नाही. प्रत्येक कामाला वेगळा राउट, त्यात फक्त ॲक्शन, कंपोनंट (पडद्यावर दिसणारा भाग) नाही. चार फायली वाढल्या, वाढू देत.