अंडाशयाची मोठी गाठ: दुर्बिणीने, छोट्या चिरेतून की पोट उघडून?

सोनोग्राफीत १५ सेंमीची गाठ निघाली की घरचे आधी आकाराला घाबरतात. पण नाभीच्या वर गेलेली गाठही दुर्बिणीने निघते. खरा प्रश्न असा, की गाठीत काय आहे आणि ते पोटात सांडलं तर काय होईल?

पातळ भिंतीची, एका कप्प्याची, आत नुसतं पाणी असलेली गाठ दुर्बिणीला सोयीची. आत घट्ट भाग, जाड पडदे किंवा पोटात पाणी दिसलं, तर उभी चीर घेऊन गाठ अखंड काढलेलीच बरी. कर्करोगाची गाठ ऑपरेशनमध्ये फुटली तर १ए टप्प्याचा (एकाच अंडाशयात, न फुटलेल्या गाठीत असलेला) आजार १सी१ (गाठ ऑपरेशनमध्ये फुटलेला टप्पा) होतो आणि केमोथेरपीचा प्रश्न उभा राहतो. एकट्या सीए-१२५ या रक्ततपासणीवर मात्र निर्णय नको. सीए-१२५ एंडोमेट्रिऑसिसमध्ये (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढण्याचा आजार) आणि पाळीतही वाढतो.

दुर्बिणीत मोठ्या गाठीला नाभीतून सुई घातली तर ती थेट गाठीत शिरू शकते. म्हणून पहिलं छिद्र नाभीच्या वर किंवा डाव्या बरगडीखाली घेतात. पाणी ओढून घेतात, उरलेली गाठ पिशवीत भरून बाहेर काढतात. पिशवी वापरणार का, हे डॉक्टरांना आधीच विचारा. डर्मॉइडमधलं (तेल, केस असलेली एक प्रकारची गाठ) तेल आणि केस सांडले तर पोटाला आतून दाह होतो. मग कोमट सलाईनने पोट पुन्हापुन्हा धुवावं लागतं.

छोट्या चिरेचा पर्याय फारसा कुणी सांगत नाही, आणि तो सांगायला हवा. ४-५ सेंमीच्या चिरेशी गाठ आणून, कडेने पॅक (कापडाच्या घड्या) लावून पाणी ओढतात, मग रिकामी गाठ बाहेर घेतात. सगळी दुर्बिणीची सामग्री नसलेल्या ठिकाणीही हे जमतं.

दुर्बिणीनंतर साधारण १-२ दिवसांत घरी, २ आठवड्यांत हलकी कामं. ऑपरेशनवेळी पोटात भरलेल्या गॅसमुळे खांदा दुखतो, तो दोन-तीन दिवसांत थांबतो. पोट उघडलं तर ३-५ दिवस दवाखाना आणि ६ आठवडे ना कापसाची गाठोडी उचलायची, ना केळीचे घड.

नंदुरबार, धुळ्याच्या आदिवासी पट्ट्यातल्या बाईची सिकलसेल (रक्तपेशी विळ्यासारख्या होण्याचा आनुवंशिक आजार) तपासणी भुलेआधी करून घ्याच. ऑक्सिजन कमी पडणं, अंग गार पडणं, पाणी कमी होणं, यातून सिकलसेल असलेल्या बाईला क्रायसिस (रक्तवाहिन्या अडून अचानक तीव्र दुखणं) येऊ शकतो.

तपासण्या चालू असताना एका बाजूला अचानक जोराची कळ आणि उलट्या सुरू झाल्या, तर गाठीला पीळ बसला असेल. तेव्हा कापूस वेचणी संपायची वाट पाहू नका. त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्या. लवकर पीळ सोडवला तर अंडाशय वाचू शकतं.