कमरेतलं एपिड्युरल इंजेक्शन: काही महिन्यांनंतर तीन स्टार

पुन्हा पुन्हा कागद मागवून शेवटी विमा कंपनीने क्लेम नाकारला, म्हणून लिहायला बसले. दिवाळीत लिहिलं असतं तर डोळे मिटून पाच स्टार दिले असते.

लंबर स्टेनोसिस म्हणजे कमरेतली मणक्याची नळी अरुंद होऊन नसा दाबल्या जाणं; ज्यांना आहे त्यांना सांगायला नको. माझा एल४-एल५ला, म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमध्ये, लिगामेंट (मणके बांधून ठेवणारा पट्टा) जाड झाल्यामुळे. दादर स्टेशनवरून रानडे रोडला वळेपर्यंत दोन्ही पोटऱ्या भरून यायच्या. नुसतं थांबून भागायचं नाही, कुठल्यातरी दुकानाच्या पायरीवर टेकावंच लागायचं. डॉक्टरांनी एमआरआय उघडायच्या आधी विचारलं, "डीमार्टात ट्रॉली ढकलताना दुखतं का?" अजिबात नाही! पुढे वाकलं की मणक्याच्या नळीत जागा होते, ताठ झालं की नस दाबली जाते. त्यानंतर मी एक साबणवडी घ्यायची असली तरी ट्रॉलीच घ्यायचे.

मणक्याच्या नळीत नसांजवळ स्टेरॉइड सोडतात, ते हे इंजेक्शन. त्याचं म्हणाल तर भीती वाटावी असं काही नाही. पालथं झोपवून पोटाखाली उशी, जागा बधिर केली, सी-आर्मवर, म्हणजे सुई कुठे जाते ते दाखवणाऱ्या एक्स-रे मशीनवर, बघत सुई घातली, संध्याकाळी घरी. आठवड्याभरात दादरहून सिद्धिविनायकाला चालत गेले, कुठेही न टेकता. मात्र मला डायबेटिस आहे आणि स्टेरॉइडने उपाशीपोटीची साखर काही दिवस दोनशेच्या वर राहिली. आधी कोणी चकार शब्द काढला नव्हता. फोन केल्यावर म्हणे, "हो, होतं तसं." डायबेटिसवाल्यांनी हे आधीच विचारून ठेवा.

आता बिल. डॉक्टरांची फी वेगळी, ओटी वेगळी, औषधं वेगळी, आणि खाली "सी-आर्म चार्जेस", जवळजवळ फीएवढेच. अहो, सी-आर्मशिवाय ही सुई काय अंदाजाने टोचणार होतात? रिक्षावाला मीटरवर चाकांचं भाडं वेगळं लावतो का? काउंटरवर हेच विचारलं तर "सिस्टीममध्ये तसंच येतं." विमा कंपनीचं म्हणणं, २४ तास भरती नव्हतात, म्हणजे ही ओपीडी. पॉलिसीत डे-केअरचं, म्हणजे २४ तास भरती न होता होणाऱ्या उपचारांचं, अख्खं पान आहे, ते बहुधा शोभेला. कंपनीच्या तक्रार विभागाला लिहिलंय. तिथेही नकार आला किंवा महिनाभर उत्तर नाही आलं, तर विमा लोकपाल. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही.

होळीच्या सुमारास पोटऱ्या परत भरायला लागल्या. तेव्हा रागाच्या भरात एकच स्टार देणार होते. त्यात मुलाने न्यू इंग्लंड जर्नल या वैद्यकीय नियतकालिकातला २०१४चा अभ्यास दाखवला: ४०० रुग्ण, निम्म्यांना स्टेरॉइड आणि बधिर करायचं औषध, निम्म्यांना नुसतं बधिर करायचं औषध. सहा आठवड्यांनी दोन्ही गटांत फरक जवळजवळ नाहीच. मग माझी साखर कशासाठी वाढवली? हे डॉक्टरांना तोंडावर विचारलं. त्यांनी सारवासारव केली नाही, "सुईने नळी रुंद होत नाही," म्हणाले. तेही खरं, आणि हेही खरं की दुखणं थांबलं तेवढ्या काळात फिजिओथेरपी नीट झाली. आधी पाठीवर पडून गुडघे छातीशी घेतानाही कळ यायची. आज रानडे रोड पार होतो, पुढचं टेकत टेकत. म्हणून तीन स्टार. एक साखरेने खाल्ला, एक सी-आर्मने.

आता दुर्बिणीतून डीकम्प्रेशनचा विचार चालू आहे. छोट्या छेदातून जाड लिगामेंट आणि हाडाची कड काढून नसेला जागा करतात. एका सर्जनने सोबत मणके एकमेकांना जखडणारे स्क्रूही सांगितले. दुसऱ्याने मला पुढे-मागे वाकवून एक्स-रे काढले, मणका सरकलेला नाही म्हणाला, मग स्क्रू कशाला? मला हा पटला, आणि स्क्रूचे पैसे वाचतात हे काही कमी नाही. घाई नाही. लघवीवरचा ताबा सुटला किंवा बसायची जागा बधिर झाली तर मात्र त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा, असं दोघांनीही बजावलंय.

एस्टिमेट आणलंय. सगळं पॅकेजमध्ये, म्हणाले. मी विचारलं, सी-आर्म धरून?

"काकू, विचारून सांगते."