'प्रेझेन्स' की 'इन थ्रू द आउट डोर'? लेड झेपेलिनचा पुढचा अल्बम निवडताना

लेड झेपेलिन या ब्रिटिश रॉक बँडचे पहिले सहा अल्बम ऐकून झालेल्यांची गाडी बहुतेक वेळा १९७५ च्या 'फिजिकल ग्राफिटी'पाशी अडते. त्यापुढे, बँड एकत्र असताना निघालेले स्टुडिओ अल्बम दोनच: १९७६ चा 'प्रेझेन्स' आणि १९७९ चा 'इन थ्रू द आउट डोर'. दोन्ही ब्रिटन आणि अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचले. तरी यातला आधी कोणता घ्यावा, असं कुणी विचारलं की चाहत्यांमध्ये हमखास जुंपते.

आमचा कौल आधीच सांगतो. झेपेलिन तुम्ही जिमी पेजची गिटार आणि जॉन बॉनमच्या ड्रमसाठी ऐकत असाल, तर 'प्रेझेन्स' आधी घ्या. 'नो क्वार्टर'मधला बेस आणि कीबोर्ड वाजवणाऱ्या जॉन पॉल जोन्सचा इलेक्ट्रिक पियानो किंवा 'कश्मीर'मधले ऑर्केस्ट्राचे थर हे तुमचं झेपेलिन असेल, तर 'इन थ्रू' आधी घ्या, 'प्रेझेन्स' सहा महिन्यांनी घ्या. पण 'प्रेझेन्स' हा झेपेलिनचा पडेल अल्बम आहे, ही पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली समजूत मात्र आम्हाला मान्य नाही.

मुळात हे दोन अल्बम दोन वेगळ्या जोड्यांचे आहेत. ४ ऑगस्ट १९७५ रोजी ग्रीसमधल्या ऱ्होड्स बेटावर बँडचा गायक रॉबर्ट प्लांटच्या कुटुंबाच्या गाडीला अपघात झाला. त्याचा घोटा आणि कोपर मोडलं, बायको गंभीर जखमी झाली आणि ठरलेला दौरा रद्द झाला. रिकाम्या पडलेल्या त्या महिन्यांत पेज आणि प्लांट यांनी कॅलिफोर्नियातल्या मालिबूला गाणी रचली. नोव्हेंबरमध्ये म्युनिकच्या म्युझिकलँड स्टुडिओत रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग मिळून सगळं १८ दिवसांत उरकलं, कारण स्टुडिओची पुढची तारीख रोलिंग स्टोन्सची होती. प्लांट व्हीलचेअरवर बसून गायला. सातांपैकी सहा गाणी पेज-प्लांट यांच्या नावावर आहेत. एकट्या 'रॉयल ऑर्लिन्स'वर चौघांची नावं आहेत.

'इन थ्रू' १९७८ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात स्टॉकहोमच्या पोलर स्टुडिओत झाला. हा 'अ‍ॅबा' या स्वीडिश पॉप बँडचा स्टुडिओ. तोवर पेज हेरॉइनच्या आणि बॉनम दारूच्या आहारी गेले होते. जोन्स आणि प्लांट वेळेवर हजर असत, त्यामुळे गाण्यांचा सांगाडा त्या दोघांनी उभा केला. झेपेलिनच्या स्वतःच्या रचनांमध्ये पेजचं नाव नसलेली दोन गाणी, 'साउथ बाउंड सुआरेझ' आणि 'ऑल माय लव्ह', याच अल्बमवर आहेत. जोन्सकडे तेव्हा नवा यामाहा जीएक्स-१ सिंथेसायझर आला होता आणि अल्बमचा रंग त्यानेच ठरवला.

'प्रेझेन्स'वरचे आक्षेप

पहिला आक्षेप असा की यात कीबोर्ड नाही आणि अकूस्टिक गिटारही जवळजवळ नाही. ही गोष्ट खरी आहे. झेपेलिनच्या स्टुडिओ अल्बमांत कीबोर्ड अजिबात नसलेला हा एकच. चौथ्या अल्बमसारखं मऊ-कठोर असं आलटून पालटून इथे मिळत नाही. पण त्यामुळेच चौघं काय वाजवताहेत ते इथे इतर कुठल्याही अल्बमपेक्षा स्पष्ट ऐकू येतं. मधल्या जागा भरून काढायला ऑर्गन नाही. बॉनमने एखादा ठोका अलीकडे-पलीकडे ठेवला, तर तो लपत नाही.

दुसरा आक्षेप म्हणजे 'अकिलीज लास्ट स्टँड' सोडलं तर काही नाही. हा आक्षेप का निर्माण होतो ते सांगता येतं. अल्बमची सुरुवातच या साडेदहा मिनिटांच्या गाण्याने होते. बॉनमचा घोडदौडीचा ठेका, जोन्सचा आठ तारांचा अलेम्बिक बेस आणि त्यावर पेजने एकावर एक चढवलेले गिटारचे थर. ते संपतं तेव्हा कान गच्च भरलेले असतात. लगेच येतं 'फॉर युअर लाइफ', ज्यात मुद्दाम जागा सोडल्या आहेत. भरगच्च ऐकून सुटं ऐकलं की ते रिकामं वाटतं, ऐकणारा म्हणतो 'पुढे काही दम नाही' आणि बंद करतो. यात गाण्यांचा दोष नाही, क्रमाचा आहे.

'फॉर युअर लाइफ'वर थोडं थांबू, कारण आमच्या मते या अल्बमची किल्ली तेच आहे. सव्वासहा मिनिटांचं, मध्यम-संथ लयीचं गाणं. रिफ, म्हणजे परत परत येणारा गिटारचा छोटा तुकडा, वाजतो, तुटतो, क्षणभर काहीच नसतं, मग चौघं एकदम परत येतात. त्या मोकळ्या क्षणात बॉनम काहीही भरत नाही. कुठलाही दुसरा ड्रमर तिथे हात चालवल्याशिवाय राहिला नसता. पेज इथे नेहमीची लेस पॉल बाजूला ठेवून निळी स्ट्रॅटोकास्टर वाजवतो आणि तिचा ट्रेमोलो दांडा दाबून स्वर खाली ओढतो, सोडतो. प्लांट लॉस एंजेलिसच्या कोकेनच्या दुनियेबद्दल गातो. त्याचा आवाज इथे थकलेला आहे आणि विषयाला तोच शोभतो. चौथं मिनिट ओलांडल्यावर येणारा गिटारचा तुकडा हेडफोनवर दोनदा ऐका: एकदा फक्त गिटार, एकदा फक्त बेस. हे गाणं झेपेलिनने प्रेक्षकांसमोर वाजवलं ते थेट १० डिसेंबर २००७ रोजी, लंडनच्या ओटू अरीनातल्या पुनर्मीलनाच्या कार्यक्रमात. तोवर अनेकांनी ते नीट ऐकलंच नव्हतं, आणि त्या रात्रीनंतर या अल्बमबद्दलची भाषा थोडी बदलली.

तिसरा आक्षेप 'टी फॉर वन'वर: ही 'सिन्स आय्‌व्ह बीन लव्हिंग यू'ची नक्कल आहे. दोन्ही सी मायनरमधले संथ ब्लूज आहेत, साम्य उघड आहे. पण १९७० च्या गाण्यात जोन्सचा ऑर्गन खाली अंथरलेला आहे आणि पेज त्यावर उसळ्या मारतो. 'टी फॉर वन'मध्ये ऑर्गन नाही, उसळीही नाही. सुरुवातीला एक ठसकेबाज रिफ येतो, काही सेकंदांतच लय खाली बसते आणि मग शेवटपर्यंत उठत नाही. घरापासून दूर हॉटेलात एकट्या पडलेल्या माणसाचं गाणं आहे ते. मात्र साडेनऊ मिनिटं ही लांबी जास्तच आहे, दोन मिनिटं कापली असती तर बरं झालं असतं.

खरोखर कच्चं गाणं एकच आहे, 'कँडी स्टोअर रॉक'. पन्नाशीच्या दशकातल्या रॉकअँडरोलची ही आठवण जागच्या जागी फिरत राहते. अमेरिकेत तेच सिंगल म्हणून काढलं आणि ते चाललं नाही. दौरा नाही, चालणारं सिंगल नाही, मागे 'फिजिकल ग्राफिटी'सारखा दुहेरी अल्बम आणि पुढे त्याच वर्षी ऑक्टोबरात बँडचा कॉन्सर्ट-चित्रपट व त्याचा दुहेरी लाइव्ह अल्बम. या दोघांच्या मधे 'प्रेझेन्स' चेपला गेला. अमेरिकेत त्याला तिहेरी प्लॅटिनम प्रमाणपत्र आहे, 'इन थ्रू'ला सहापट. 'लोकांना आवडला नाही' या म्हणण्यामागे एवढंच आहे.

'इन थ्रू'ची बाजू

ही बाजू कमकुवत अजिबात नाही. 'फूल इन द रेन' हे बॉनमच्या उत्तम कामांपैकी एक. अर्ध्या लयीचा शफल, म्हणजे झोके घेत चालणारा ठेका, स्नेअरवर अगदी हलके भुताटकीचे ठोके, हाय-हॅट नेमक्या जागी उघडणारं, आणि मधेच शिट्टी वाजून सगळा बँड सांबात शिरतो. ड्रम शिकणाऱ्यांनी हा ठेका आधी उजव्या हाताचा, मग उजव्या पायाचा असा सुटा बसवावा. दोन्ही एकदम धरलं तर हलके ठोके जड होतात आणि शफल सपाट पडतो. 'ऑल माय लव्ह' प्लांटने जुलै १९७७ मध्ये वारलेल्या त्याच्या लहान मुलासाठी, कॅरॅकसाठी लिहिलं. जोन्सचा सिंथेसायझरवरचा एकल तुकडा आणि शेवटाकडे वर चढणारी पट्टी ऐकल्यावर 'हे झेपेलिनचं नाही' म्हणणाऱ्यांशी वाद घालायची गरज उरत नाही. 'आय ॲम गॉना क्रॉल'मध्ये प्लांट साठीच्या दशकातल्या सोल गायकांच्या वाटेने जातो आणि मुक्कामाला पोचतो.

उणं काय? 'हॉट डॉग' ही कंट्री गाण्याची गंमत आहे, एकदा ऐकून पुरते. 'कॅरुसेलाम्ब्रा' साडेदहा मिनिटांचं, तीन भागांचं, कल्पनेने मोठं गाणं आहे, पण पहिल्या भागात प्लांटचा आवाज सिंथेसायझरखाली इतका गाडला गेलाय की शब्द कळत नाहीत. 'इन द ईव्हनिंग' सोडलं तर पेज बऱ्याच ठिकाणी पाहुण्यासारखा वाटतो. हा अल्बम जरा मऊ झाला, पुढचा कडक करू, असं पेज आणि बॉनम यांचं बोलणं झालं होतं. २५ सप्टेंबर १९८० रोजी बॉनम गेला आणि तो पुढचा अल्बम झालाच नाही.

ऐकताना काय बिघडतं

स्ट्रीमिंगवर ऐकत असाल तर आधी क्रॉसफेड आणि शफल बंद करा. 'अकिलीज' हळूहळू वर येत सुरू होतं. क्रॉसफेड चालू असला तर आधीच्या गाण्याची शेपटी त्यावर चढते आणि सुरुवात मारली जाते. 'प्रेझेन्स'मध्ये गिटारचा वरचा मधला पट्टा धारदार आहे. स्वस्त इअरफोनवर तो टोचतो आणि बेस हरवतो. इक्वलायझरवर ३ किलोहर्ट्झच्या आसपास दोन डेसिबल कमी करा, ८० ते १०० हर्ट्झला दोन वाढवा, एवढं पुरे. फोनच्या स्पीकरवर हा अल्बम ऐकून मत बनवू नका, आठ तारांच्या बेसचा खालचा अर्धा भाग त्यातून बाहेरच पडत नाही. 'इन थ्रू' अशा ठिकाणी कमी मार खातो, कारण त्याचे सूर वरच्या पट्टीतल्या कीबोर्डवर आहेत.

'प्रेझेन्स' पहिल्यांदा ऐकताना छापलेला क्रम बाजूला ठेवा. 'नोबडीज फॉल्ट बट माइन'ने सुरू करा. त्याचं मूळ ब्लाइंड विली जॉन्सनच्या १९२७ च्या ध्वनिमुद्रणात आहे. प्लांटचा आवाज आणि गिटार एकाच सुरावटीत चालतात, सगळे अचानक थांबतात, आणि मधे माउथ ऑर्गनचा तुकडा येतो. मग 'फॉर युअर लाइफ', 'हॉट्स ऑन फॉर नोव्हेअर', त्यानंतर 'अकिलीज' आणि 'टी फॉर वन' शेवटी, रात्री, वेगळं. आठवड्याभराने मूळ क्रमाने ऐका.

तबकडी घेणाऱ्यांसाठी

'प्रेझेन्स'ची पहिली बाजू सुमारे २० मिनिटांची, दुसरी पावणेपंचवीस मिनिटांची. बाजू लांब झाली की खोबण्या दाटीने कापाव्या लागतात आणि आवाजाची पातळी उतरते. त्यात सगळ्यात शांत गाणं, 'टी फॉर वन', नेमकं आतल्या टोकाला आलंय, जिथे सुई सर्वात जास्त चुकते. म्हणून जुनी प्रत घेताना दुसऱ्या बाजूची शेवटची पाच मिनिटं वाजवून बघा. तिथे खरखर किंवा 'स' फाटलेला ऐकू आला तर पुढचं काही तपासू नका. 'इन थ्रू'च्या बाजू साडेवीस आणि जवळपास बावीस मिनिटांच्या, त्यामुळे ही अडचण कमी.

मुखपृष्ठं दोन्ही हिप्नोसिस या डिझाइन स्टुडिओची. 'प्रेझेन्स'वर घरगुती, शाळकरी चित्रांमध्ये ठेवलेली एक पिळदार काळी वस्तू आहे. 'इन थ्रू' साध्या तपकिरी कागदी पिशवीत यायचा आणि आत सहा वेगवेगळ्या मुखपृष्ठांपैकी कुठलं निघेल ते माहीत नसायचं. कण्यावर ए ते एफ यांपैकी एक अक्षर असतं, जुनी प्रत घेताना ते बघा. आतलं काळं-पांढरं आवरण पाणी लागलं की रंगीत होतं, म्हणून न भिजलेलं आवरण असेल तर विक्रेता जास्त मागतो. ऐकायलाच घेणार असाल तर त्याचे पैसे देऊ नका.

सीडी किंवा फाइल हवी असेल तर २०१५ ची आवृत्ती घ्या, दोन्ही अल्बमांना जोडडिस्क, म्हणजे सोबतची जादा डिस्क, आहे. 'प्रेझेन्स'च्या जोडडिस्कवर पाच तुकडे आहेत आणि त्यांतला, नाव '१० रिब्ज'ने सुरू होणारा पियानोचा तुकडा या वादात फार महत्त्वाचा. म्हणजे जोन्सने पियानो वाजवला होता, तो अल्बममध्ये घेतला गेला नाही. 'इन थ्रू'च्या जोडडिस्कवर सातही गाण्यांची कच्ची मिक्स आहेत. तिथे 'कॅरुसेलाम्ब्रा'चं नाव 'द एपिक' आणि 'ऑल माय लव्ह'चं 'द हूक'. ही डिस्क अल्बम तोंडपाठ झाल्यावरच लावा. पैसे बेताचे असतील तर 'प्रेझेन्स'ची जोडडिस्क घ्या आणि 'इन थ्रू'ची साधी प्रत.

पोलर स्टुडिओत झालेली पण 'इन थ्रू'वर न मावलेली तीन गाणी, 'ओझोन बेबी', 'डार्लीन' आणि 'वेअरिंग अँड टेअरिंग', १९८२ च्या 'कोडा'वर आली. पहिल्या आणि तिसऱ्यात पेज पुन्हा पुढे आलेला दिसतो, त्यामुळे 'इन थ्रू' आवडूनही गिटार कमी वाटली तर पुढची खरेदी हीच. शिवाय १९७२ मध्ये पेज आणि प्लांट यांनी मुंबईत इथल्या वादकांबरोबर 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' ध्वनिमुद्रित केली होती, तीही 'कोडा'च्याच २०१५ च्या तीन डिस्कच्या संचात आहेत. एका डिस्कच्या साध्या 'कोडा'त ती मिळणार नाहीत, मागवताना डिस्कची संख्या बघून घ्या.