प्रचार पॅकेज (महिला उमेदवार): पाचपैकी दोन तारे, तेही छपाईला

गेल्या डिसेंबरात आमच्या नगरपरिषदेची निवडणूक झाली. मी अपक्ष उभी होते, चिन्ह कपबशी. प्रचाराचं काम जिल्ह्याच्या गावातल्या एका एजन्सीला दिलं होतं. नाव लिहीत नाही. पोरं कष्टाळू आहेत, कुणाच्या पोटावर पाय द्यायचा नाही. पण पुढच्या खेपेला उभ्या राहणाऱ्या बायकांना माहीत असावं म्हणून हा खटाटोप.

पॅकेज ४५ हजारांचं. फोटोशूट, १० बाय ६ चे आठ फ्लेक्स, पाच हजार हातपत्रकं, सहा रील्स, दोन लिहून दिलेली भाषणं आणि रिक्षावर वाजवायची रेकॉर्डिंग.

छपाईला नाव ठेवायला जागा नाही. फ्लेक्स शेवटपर्यंत ताठ उभे होते, रंग उडाला नाही. पत्रकावर मुद्रकाचं नाव, प्रकाशकाचं नाव, प्रतींची संख्या, सगळं न सांगता छापलेलं. हे विसरलं की उमेदवार अडकतो, त्यामुळे त्याचे मार्क पूर्ण. रिक्षातला आवाजही खणखणीत होता. बोंब होती ती मजकुराची.

थोडी मागची हकीकत सांगावी लागेल. २००१ साली पुण्यात शिकत असताना मी एका साबण कंपनीची सौंदर्यस्पर्धा जिंकले होते. मुकुट, खांद्यावरचा पट्टा आणि वर्षभराचा साबण मिळाला. साबण आठ महिन्यांत संपला, वसतिगृहातल्या सगळ्याच मुली वापरत होत्या. पुढे केमिस्ट्रीत एम.एस्सी. केलं आणि १९ वर्षं एका खासगी प्रयोगशाळेत पाणी तपासते आहे. उभी राहिले तीही पाण्यासाठीच. आमच्या प्रभागाच्या शेवटच्या गल्लीत नळाला पाणी येतं, पण क्लोरीन तिथवर पोचत नाही. पिण्याच्या पाण्यात मोकळा क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम उरलेला असावा लागतो. ओ.टी. टेस्टच्या, म्हणजे क्लोरीन तपासायच्या नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, क्लोरीन असेल तर पिवळा रंग यायला हवा. मी पाच सकाळी तपासलं, तीन वेळा पाणी जसंच्या तसं. टीसीएल पावडरची, म्हणजे पाण्यात टाकायच्या ब्लीचिंग पावडरची पोती ओलीत उघडी पडली की पावडर मरते, मग घमेलंभर टाकली तरी उपयोग नाही. माझा जाहीरनामा एवढाच होता, आणि तो मी एका पानावर लिहून दिला होता.

एजन्सीतल्या मुलाने ते पान बाजूला ठेवलं. त्याला इंटरनेटवर जुन्या कात्रणाचा फोटो सापडला होता. "मॅडम, हे आधी का नाही सांगितलंत? हीच तर तुमची यूएसपी!"

पहिलं प्रूफ आलं. चष्मा गायब, रंग चार छटा उजळ, डोक्यामागे सोनेरी वलय. खाली ओळ: 'रूप आणि बुद्धी यांचा संगम'. मी नको म्हटलं. दुसरं आलं: 'सौंदर्य असूनही साधी राहणी'. तेही नको म्हटलं. तिसरं: 'मुकुट त्यागून जनसेवेला'. अरे बाबा, त्यागला कुठे? माळ्यावर आहे, पितळी डब्यांच्या मागे.

तो 'असूनही' माझ्या डोक्यातून जाईना. पॅकेजबरोबर 'स्ट्रॅटेजी नोट' म्हणून दोन पानं येतात, त्यातही तोच. रिटा फारिया यांचा फोटो आणि शेजारी 'मिस वर्ल्ड असूनही डॉक्टर'. रिटा फारिया मुंबईत वाढलेल्या, गोव्याच्या घराण्यातल्या. १९६६ साली मिस वर्ल्ड झाल्या, हा मान मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय. पण लंडनला स्पर्धेला गेल्या तेव्हा ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकतच होत्या. स्पर्धेनंतर सिनेमाकडे न वळता पुन्हा अभ्यासाला लागल्या आणि डॉक्टर झाल्या. म्हणजे शिक्षण आधी, मुकुट मध्येच आला. त्याला 'असूनही' कसं म्हणायचं? नफिसा अली यांचंही तेच. पोहण्यातल्या राष्ट्रीय विजेत्या आधी, मिस इंडिया १९७६ साली. २००४ ला दक्षिण कोलकात्यातून लोकसभेला ममता बॅनर्जींसमोर उभ्या राहिल्या आणि हरल्या. ओळख मात्र कायम माजी मिस इंडिया हीच.

नोटमध्ये दुसरा फोटो व्हेनेझुएलाच्या इरेने साएझ यांचा. खाली फक्त 'मिस युनिव्हर्स ते मेयर!!' दोन उद्गारचिन्हं. पुढचं त्या मुलाने वाचलं नसावं, मी वाचलं. १९८१ च्या मिस युनिव्हर्स, राज्यशास्त्र शिकलेल्या. १९९२ मध्ये काराकासच्या चाकाओ भागाच्या महापौर झाल्या आणि काम असं केलं की १९९५ ला नव्वद टक्क्यांहून जास्त मतांनी परत निवडून आल्या. १९९८ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या लढतीत सुरुवातीला त्याच पुढे होत्या. प्रचारात मोकळे केस बांधून आंबाडा घालायला लागल्या, तर त्याचीही चर्चा झाली. शेवटी मतं तीन टक्क्यांच्याही आत. आता सगळं खापर मुकुटावर फोडणं खोटं ठरेल. लोक ज्या जुन्या पक्षांना विटले होते त्यांतल्याच एकाचा पाठिंबा त्यांनी घेतला, तो भोवला, आणि शेवटी त्या पक्षानेही साथ सोडली. पण निवडून कोण आलं? ह्यूगो चावेझ. डोक्यावर पॅराट्रूपरची लाल टोपी, नावावर १९९२ चा फसलेला लष्करी उठाव. टोपी घालून माणूस भारदस्त दिसतो. महापौर म्हणून सहा वर्षं काढलेल्या बाईला मात्र केस कसे बांधू, हा प्रश्न.

तुम्ही म्हणाल, व्हेनेझुएला राहू द्या तिकडेच. ठीक आहे, शेजारच्या प्रभागात या. तिथले उमेदवार पैलवान, तालमीत वाढलेले, आणि एजन्सी हीच. नावाआधी 'पै.', खांद्यावर गदा, दंड फुगलेले. मी त्या मुलाला विचारलं, "त्यांच्या फ्लेक्सवर 'पैलवान असूनही अभ्यासू' का नाही लिहिलंस?" तो मनापासून चकित झाला. "मॅडम, गदेने वजन येतं." गदा स्पर्धेतच मिळालेली, मुकुटही स्पर्धेतच. गदेचा गटारीशी जेवढा संबंध तेवढाच मुकुटाचा. पैलवान माणूस चांगला आहे हो, माझ्या ओ.टी. टेस्टच्या वेळी दोनदा येऊन उभा राहिला. राग त्याच्यावर नाही.

भाषणं. पहिलं मी जेमतेम दोन मिनिटं वाचू शकले. क्लोरीनच्या आकड्यांच्या जागी 'पाण्याचा प्रश्न मी बहिणीच्या मायेने सोडवीन' असं होतं. मायेने पाणी निर्जंतुक होत नाही. दुसरं वाचलंच नाही, नळी आणि बाटली घेऊन गल्लीत उभी राहिले. एका काकांनी विचारलं, "ताई, तुमाला काय कळतंय त्यातलं?" त्यांच्याच नळाचं पाणी घेऊन दाखवलं. पिवळं झालं नाही. काका गप्प. काकू म्हणाल्या, "फ्लेक्सवर लई गोरी दिसतीस गं, वळखलंच न्हाई." मत दिलं का ते विचारू नका.

एक कबुली द्यायची राहिली. चष्मा नसलेला तो पहिला फ्लेक्स नको सांगूनही लागला, आणि मी दोन दिवस तो उतरवायला लावला नाही. फोटो छान आला होता. पंचेचाळिसाव्या वर्षी आपला एवढा मोठा, एवढा बरा फोटो चौकात बघून कुणाला वाईट वाटतं? तिसऱ्या दिवशी विरोधकांच्या पोरांनी त्याखाली 'रॅम्प वॉक आज सायंकाळी' अशी चिठ्ठी चिकटवली, तेव्हा उतरवला. ६१ मतांनी पडले. त्यातली किती त्या दोन दिवसांची, देव जाणे.

घ्यायचंच असेल तर फक्त छपाई घ्या. मजकूर स्वतः लिहा, फोटो चष्म्यासकट मोबाइलवर काढून द्या आणि प्रूफवर सही केल्याशिवाय एकही फ्लेक्स छापू देऊ नका. रील्सचे पैसे वाचवा, सहापैकी चारांत मी केस मागे सारते आहे.

आणि बिल नीट तपासून घ्या. निकालानंतर ३० दिवसांत खर्चाचा हिशेब द्यावा लागतो. माझं बिल २९ व्या दिवशी हाती आलं, तसंच जोडलं. कारकुनाने एकेक ओळ बोटाने वाचली, फ्लेक्स, पत्रकं, रिक्षा, आणि चौथ्या ओळीवर थांबला. तिथे छापलं होतं, 'ब्रायडल मेकअप व शूट, ९,००० रु.'

"मॅडम," त्याने अगदी अदबीने विचारलं, "लग्न कुणाचं होतं?"